व्हिएतनाम: दिवाळीच्या सुट्टीत उत्तर, मध्य आणि दक्षिण, ११ रात्री. काय ठेवावं, काय गाळावं?

निशिगंधा

येत्या दिवाळीत, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, मुंबईहून व्हिएतनामला जायचं ठरतंय. हाताशी ११ रात्री आहेत. आम्ही पाच जण: नवरा-बायको, आठवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ६८, गुडघ्यांचा त्रास आहे. सपाटीवर तासभर चालतात, पण जिने आणि उकिडवं बसणं नको. त्या आणि मी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बाकी तिघांना सगळं चालतं.

सध्याची यादी अशी: हनोई, सा पा, हा लाँगच्या आखातात बोटीवर एक रात्र, ह्वे, दा नांग, होई आन, हो ची मिन्ह सिटी, मेकाँगचा त्रिभुज प्रदेश आणि शेवटी फु क्वोक बेट. नकाशावर सगळं एका ओळीत दिसतं, म्हणून वरून खाली सरकत यायचं असा बेत आहे. डोंगर, समुद्र, जुनी राजधानी, नदीकाठ असं वेगवेगळं बघायला मिळावं एवढीच इच्छा.

हे ११ रात्रींत बसेल का? नसेल तर कात्री कुठे लावू? रेल्वे घ्यावी की विमान? व्हिसा आणि शाकाहार याबद्दलही सांगा.

उत्तरायण

बसणार नाही. आणि अडचण नुसती दिवसांची नाही, महिन्याची आहे. आधी दिवसांचं बघू.

देश उत्तर-दक्षिण साधारण १,६५० किमी लांब आहे. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेमार्ग १,७२६ किमीचा. मुंबई-दिल्ली राजधानीचा मार्ग १,३८४ किमी आहे, त्यावरून अंदाज येईल. तिथली गाडी हे अंतर कापायला ३२ ते ३६ तास घेते. तुमच्या यादीत नऊ ठिकाणं, म्हणजे आठ वेळा सामान बांधणं. हॉटेल सोडायचं दुपारी १२ ला आणि पुढची खोली मिळणार दोन-तीनला. अंतर कितीही कमी असलं तरी प्रत्येक मुक्काम बदलताना अर्धा दिवस जातोच. ११ रात्रींतले चार दिवस असेच संपतील. पाच जणांत एक ज्येष्ठ आणि एक चौथीतलं मूल असताना चार वेळा मुक्काम बदलणं सुखाचं, पाच वेळा म्हणजे कमाल.

आता महिना. व्हिएतनामला एक हवामान नाही, तीन आहेत. उत्तरेला खराखुरा हिवाळा असतो. दक्षिणेला आपल्यासारखाच मे ते ऑक्टोबर पावसाळा आणि डिसेंबर ते एप्रिल कोरडं. मधल्या पट्ट्याचं गणित मात्र उलटं. ऑक्टोबरपासून ईशान्येचे वारे समुद्रावरून ओल घेऊन येतात आणि त्रुआँग सोन डोंगररांगेवर आदळतात. आपल्याकडे कोकण कोरडं पडतं तेव्हा चेन्नईत पाऊस सुरू होतो, तोच हा प्रकार. त्यामुळे ह्वे, दा नांग, होई आन इथे सप्टेंबरअखेर ते डिसेंबर पावसाळा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वात वाईट. वादळंही याच काळात तिकडे वळतात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ह्वे आणि होई आन दोन्ही शहरं पुराच्या पाण्यात होती.

म्हणजे आपल्या घरांना सोयीची जी दिवाळीची सुट्टी, तीच मध्य व्हिएतनामला सर्वात गैरसोयीची. प्रवास कंपन्यांच्या छापील कार्यक्रमात उत्तर-मध्य-दक्षिण असा एकच साचा बाराही महिने असतो, म्हणून हे लक्षात येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. दिवाळीत उत्तर आणि दक्षिण करा, मध्य पूर्ण सोडा. हनोईला त्या दिवसांत वर्षातलं उत्तम हवामान असतं, दुपारी २५ ते २८ अंश आणि संध्याकाळी आल्हाददायक. दक्षिणेचा पाऊस संपत आलेला असतो, आला तरी दुपारची तासाभराची सर. मेकाँगला पाणी भरपूर असतं.

सा पाही गाळा. हनोईहून जायला पाच-सहा तास, यायला तेवढेच, शेवटचे ३५-एक किमी घाट. गाव १,५०० मीटरच्या वर, रस्ते चढ-उताराचे. ज्या भातखाचरांसाठी लोक जातात ती सप्टेंबरमध्ये पिवळी होतात. नोव्हेंबरात कापणी होऊन नुसती धसकटं उरतात आणि धुकं उतरलं तर समोरचा डोंगरही दिसत नाही. गुडघ्यांसाठी तर ते गाव नाहीच.

कोकणकडा

उत्तरायण यांचं हवामानाचं म्हणणं बरोबर आहे. पण मध्य भाग कायमचा यादीतून जाऊ नये म्हणून लिहितो, कारण तीन भागांत तोच सर्वात समृद्ध आहे आणि तारखा हलवता येत असतील तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्ये तिन्ही भाग एकाच सहलीत जमतात.

हाय व्हान घाट (उंची ४९६ मीटर) ही तिथली हवामानाची भिंत आहे. उत्तरेची थंड हवा बरेचदा घाटाच्या अलीकडेच अडते. हिवाळ्यात ह्वेला स्वेटर लागावा आणि घाट उतरून दा नांगला आलं की काढावा, असं एका दुपारी होऊ शकतं. घाटाखालून २००५ पासून सव्वासहा किमीचा बोगदा आहे. गाडी ठरवताना 'घाटावरून' असं आधी बोलून घ्या, नाहीतर चालक बोगद्यातून नेतो. त्याहून सुंदर म्हणजे ह्वे ते दा नांग रेल्वे: साधारण १०० किमी, अडीच ते साडेतीन तास, रूळ समुद्राच्या कडेने डोंगर कापत जातात. दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी घ्यायची.

ह्वे ही १८०२ ते १९४५ या काळातल्या न्गुयेन घराण्याची राजधानी. होई आन हे जुनं बंदर. तिथे विमानतळही नाही आणि रेल्वेही नाही, दा नांगहून ३० किमी गाडीने जावं लागतं. बऱ्याच जणांचा हिशेब इथेच चुकतो.

आणि 'मी सोन' हे ठिकाण. होई आनपासून चाळीसेक किमीवर डोंगरांच्या खोबणीत जुन्या चंपा राज्याच्या राजांनी बांधलेली शिवमंदिरं. चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत बांधकाम होत राहिलं. भद्रवर्मन राजाने स्थापलेल्या शिवाचं नाव भद्रेश्वर. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात मोठा भाग कोसळला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तिथे जीर्णोद्धाराचं काम करत आलं आहे आणि २०२० मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्मातलं शिवलिंग मिळालं. मराठी माणसाने हे ठिकाण घाईत बघू नये. सकाळी आठच्या आत पोचावं, कारण नऊनंतर दा नांगच्या बस येतात आणि विटांची ती मंदिरं उन्हात तापतात.

तरीही नोव्हेंबरात जायचंच ठरलं तर मुक्काम दा नांगला ठेवा, होई आनच्या जुन्या पेठेत नको. ती पेठ थू बोन नदीला लागून आहे आणि तिथल्या कित्येक घरांच्या भिंतींवर पूर्वीच्या पुरांच्या खुणा केलेल्या आहेत. खोली रद्द करता येईल अशीच घ्या, आणि मधलं विमान चुकलं तरी परतीचं तिकीट वाया जाणार नाही एवढं अंतर ठेवा.

निशिगंधा

मुलांच्या शाळेमुळे मार्च अशक्य. दिवाळी नाहीतर नाताळ नाहीतर मे, एवढेच पर्याय. मग या वेळी मध्य भाग सोडते. पण नाताळ किंवा मे यापेक्षा दिवाळीच बरी ना? आणि व्हिसा, जेवण याबद्दल कुणीतरी सांगा.

उत्तरायण

उत्तर आणि दक्षिण बघायचं तर दिवाळीच बरी. नाताळात दक्षिण आणि फु क्वोक अप्रतिम असतात, पण हनोई करडं आणि गारठलेलं, साधारण १५ ते २२ अंश. घरांत हीटर नसतात, त्यामुळे जास्त बोचतं. मध्याचा पाऊस तेव्हा ओसरत असतो, संपलेला नसतो. मे महिन्यात उलट मध्याचा समुद्र सर्वात शांत आणि सा पाची खाचरं पाण्याने भरायला लागलेली. मुलं थोडी मोठी झाली की मे महिन्यात फक्त सा पा आणि मध्य अशी वेगळी सहल करा. फक्त ३० एप्रिल आणि १ मे टाळा, तिकडची सार्वजनिक सुट्टी असते. चांद्र नववर्ष, म्हणजे तेत, तर टाळाच. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या मागेपुढे आठवडाभर गाड्या भरलेल्या आणि खानावळी बंद.

खिडकीची_जागा

व्हिसाबद्दल. भारतीयांना आधी ई-व्हिसा काढावा लागतो. एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०, मुदत ९० दिवसांपर्यंत. तुम्हाला एकदा प्रवेशाचा पुरे. मुलांचे पासपोर्ट वेगळे, म्हणून त्यांचा अर्ज आणि शुल्कही वेगळं: पाच जणांचे १२५ डॉलर. नाकारला तर पैसे परत मिळत नाहीत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट व्हीएन' असा संपतो. शोधात वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट दलालांच्या असतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात.

कामाचे तीन दिवस असं लिहिलेलं असतं, पण शनिवार-रविवार धरत नाहीत आणि दुरुस्तीसाठी अर्ज परत आला तर मोजणी पुन्हा सुरू होते. निघण्याच्या तीन आठवडे आधी भरा.

मराठी नावांत होणारी चूक ठरलेली आहे. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं आणि आडनाव वेगळ्या. अर्ज भरताना मधलं नाव गाळलं जातं, किंवा आडनाव दोन्हीकडे पडतं. पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळी (बाणांच्या खुणा असलेल्या) समोर ठेवा आणि त्याच क्रमाने अक्षरन् अक्षर भरा. पासपोर्ट क्रमांकात शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत बघा. जन्मतारीख आधी दिवस मग महिना. पासपोर्टच्या पानाचा फोटो त्या तळाच्या ओळींसकट आणि चकाकी नसलेला हवा, स्वतःचा फोटो चष्म्याशिवाय.

प्रवेशाचं ठिकाण निवडायला लागतं. हनोईत उतरणार तर नोई बाय विमानतळ निवडा आणि तिथेच उतरा. म्हणून तिकीट आधी नक्की करा, व्हिसा नंतर. मिळाल्यावर प्रत्येकाच्या दोन छापील प्रती घ्या. मुंबईला चेक-इनलाच मागतात.

तिकीट जाताना मुंबई-हनोई आणि येताना हो ची मिन्ह सिटी-मुंबई असं काढा. दोन्हीकडे थेट विमानं आहेत, फक्त रोज असतीलच असं नाही, त्यामुळे आधी ते दोन वार पक्के करा. यामुळे पुन्हा हनोईला परतण्याचा अख्खा दिवस वाचतो.

देशांतर्गत विमानात स्वस्त कंपन्या हातातल्या बॅगेला ७ किलोच देतात आणि दारात वजन करतात. आंतरराष्ट्रीय तिकिटावर ३० किलो असलं तरी मधल्या उड्डाणाला ते लागू नसतं. म्हणून मुंबईतूनच सगळ्यात कमी मर्यादेप्रमाणे भरा आणि जादा वजन लागलं तर तिकिटाबरोबरच घ्या, काउंटरवर बरंच महाग पडतं. मधलं विमान सकाळचं घ्या. संध्याकाळच्या स्वस्त उड्डाणांवर दिवसभराचा उशीर साचत जातो.

पैसे: रुपये तिथे सहजी बदलून मिळत नाहीत. न दुमडलेल्या, डाग नसलेल्या डॉलरच्या नोटा न्या, शिवाय एक कार्ड, ज्याचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून चालू केलेला असेल. हिशेबाला सोपी रीत: डाँगच्या (तिथलं चलन) रकमेतली शेवटची तीन शून्यं काढा आणि साडेतीनने गुणा, अंदाजे रुपये येतात. २० हजार आणि ५ लाख या दोन्ही नोटा निळ्या आहेत. एक ७० रुपयांची, दुसरी १,७०० च्या आसपास. नोटा प्लास्टिकच्या, एकमेकींना चिकटतात, टॅक्सीत अंधारात हमखास चूक होते. ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

टॅक्सीसाठी ग्रॅब हे ॲप भारतातच उतरवून, इथल्या नंबरवर ओटीपी घेऊन, कार्ड जोडून ठेवा. नुसत्या डेटाच्या ई-सिमवर तिथला नंबर मिळत नाही आणि मग नोंदणी अडते. पाच जण आणि सामान म्हणजे सात आसनी गाडी निवडायची.

मेतकूट_भात

शाकाहाराची काळजी योग्य आहे, पण उपाशी राहायची वेळ येत नाही. मात्र आपला 'व्हेज' शब्द तिथे उपयोगाचा नाही. भाज्या घातलेला पदार्थ म्हणजे त्यांच्या लेखी व्हेज. रस्सा हाडांचा असू शकतो आणि वरून माशाचा सॉस (नुओक माम) असतोच. तो त्यांच्याकडे मिठाच्या जागी आहे. तिथली वेलासारखी पालेभाजी लसूण घालून परततात, दिसायला अगदी आपली, पण त्यात ऑयस्टर सॉस किंवा हाच सॉस पडतो.

कामाचा शब्द 'चाय'. बौद्ध धर्मातला मांसवर्ज्य आहार म्हणजे चाय. 'तोई आन चाय' म्हणजे मी शाकाहारी खाते. उच्चाराचा सूर चुकला तर कळत नाही, म्हणून भाषांतराच्या ॲपमधून व्हिएतनामी लिपीत वाक्य करून फोनवर मोठ्या अक्षरात ठेवा: शाकाहारी आहे, मांस-मासे-अंडं नको, माशाचा सॉस नको, हाडांचा रस्सा नको. अंड्याचा उल्लेख वेगळा करा.

'क्वान चाय' अशी पाटी असलेल्या खानावळी हनोई आणि हो ची मिन्ह सिटीत भरपूर आहेत, देवळांच्या आसपास हटकून. नकाशात 'चाय' हा शब्द त्यांच्या लिपीत शोधा, इंग्रजीत शोधण्यापेक्षा तिप्पट सापडतील. फो चाय (नूडल्सचा रस्सा), बान मी चाय (पावाचं सँडविच), कोम चाय (भात आणि टोफू-भाज्या) निर्धास्त मागवा. बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही टाळतात, त्यामुळे चव सौम्य लागते. सासूबाईंना टोफू, मशरूमचे 'मांसासारखे' दिसणारे तुकडे नको वाटतील, तर साधा भात (कोम त्रांग) सगळीकडे मिळतो. मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी एवढं नेलं की दोन घास समाधानाचे होतात. दुकानातल्या नूडल्सच्या पाकिटांवर चाय लिहिलेलं नसेल तर आत कोळंबी किंवा मांसाची पूड धरा.

चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, तिकडचे लोक चाय खातात आणि एरवी मांसाहारी असलेल्या टपऱ्याही ते पदार्थ ठेवतात. दिवाळी अमावास्येचीच, तेव्हा तो दिवस तुमच्या सहलीत येतोय.

हा लाँगच्या बोटीवर मात्र दुसरं दुकान नसतं. आरक्षणात लिहा, आणि २४ तास आधी पुन्हा लेखी कळवा: दोन जण, अंडं आणि फिश सॉस नको. बोटीवर चढल्यावर सांगितलं तर काकडी आणि तळलेले बटाटे मिळतात.

उत्तरायण

आता सगळं धरून क्रम देतो. हनोई २, हा लाँगची बोट १, निन बिन्ह (हनोईच्या दक्षिणेला, नावेच्या फेऱ्यांसाठी) २, हनोई १, मग विमानाने (सव्वादोन तास) हो ची मिन्ह सिटी २, कान थो (मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातलं शहर) १, परत हो ची मिन्ह सिटी २. झाल्या ११. मोजलं तर सहा वेळा सामान हलतंय, माझ्याच पाचाच्या मर्यादेपेक्षा एक जास्त. म्हणून बोटीच्या रात्री मोठ्या बॅगा हनोईच्या गाडीवाल्याकडून थेट निन बिन्हला पाठवता येतात का ते विचारा, आणि कान थोला जाताना मोठं सामान हो ची मिन्ह सिटीच्या हॉटेलात ठेवा. परत त्याच हॉटेलात यायचं आहे, ते पैसे न घेता ठेवून घेतात.

हनोईत होआन कीम सरोवराभोवतीचा भाग सपाट आहे आणि शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तिथे गाड्या बंद असतात. सासूबाईंसाठी तेच दोन-तीन दिवस गाठा. १०७० सालचं साहित्य मंदिरही (कन्फ्यूशियसचं मंदिर) सपाटीवर. हो ची मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडी, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. रस्ता ओलांडताना दुचाक्या थांबत नाहीत. एका गतीने, हात वर धरून, मध्ये न थबकता चालायचं, त्या बाजूने वळून जातात. मागे पाऊल घेतलं की अपघात होतो. मोटार आणि बस मात्र वळत नाहीत, त्या जाऊ द्यायच्या.

हा लाँगला हनोईहून द्रुतगती मार्गाने अडीच तास. दुपारी १२ च्या सुमारास बोटीवर, दुसऱ्या दिवशी ११ च्या आत खाली. छोट्या नावेतून मोठ्या बोटीवर चढावं लागतं, तेव्हा आरक्षणाआधी विचारा: थेट धक्क्यावरून चढता येतं का, लिफ्ट आहे का, नसेल तर जेवणाच्या मजल्यावरची खोली द्या. आखातातल्या 'ती तॉप' बेटाच्या ४०० हून जास्त पायऱ्या आणि सुंग सॉत गुहा हे सासूबाईंनी सोडायचं. डेकवर खुर्ची टाकून जे दिसतं ते कमी नाही. वारा वाढला तर बंदराचे अधिकारी बोटी थांबवतात आणि पैसे परत मिळतात. असं झालं तर आधी निन बिन्ह करून बोट पुढे ढकलता येईल, म्हणूनच ती सहलीच्या सुरुवातीला ठेवली आहे.

निन बिन्हला तीन तास वल्हवत नेणारी त्रांग आनची फेरी प्रसिद्ध, पण बैठक खालची आणि मध्ये देवळांत उतरायला पायऱ्या. सासूबाईंसाठी ताम कॉक बरं: दीड-दोन तास, मध्ये उतरणं नाही, आणि नावाडी पायांनी वल्हवतात ते मुलं विसरणार नाहीत. सकाळी आठच्या आत किंवा दुपारी तीननंतर. हांग मुआच्या ५०० पायऱ्या तुम्ही आणि मुलांनी चढा, त्या वेळात सासूबाई हॉटेलात.

हो ची मिन्ह सिटीतल्या युद्धस्मृती संग्रहालयात काही छायाचित्रं फार भीषण आहेत. आठवीतल्याला दाखवा, चौथीतल्या मुलीला खालच्या अंगणातली विमानं-रणगाडे पुरेत. युद्धकाळातली कु चीची भुयारं म्हणजे वाकून सरपटणं, दमट हवा आणि जंगलातली दीड-दोन तासांची चाल. तिथे दोन गट करा.

कान थो १७० किमी, पावणेचार तास धरा. काय रांगचा तरंगता बाजार पहाटे साडेपाच ते सात. प्रत्येक बोट जे विकते त्याचा नमुना उंच बांबूवर टांगलेला असतो: अननस, भोपळा, कांदे. रस्ते आणि पूल झाल्यापासून बोटी खूप कमी झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या फोटोंएवढी गर्दी दिसणार नाही हे मुलांना आधी सांगा. अरुंद होडीऐवजी छप्पर आणि बाकं असलेली मोटरबोट ठरवा, आणि धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवर सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरा.

फु क्वोक हवंच असेल तर कान थो आणि नंतरची हो ची मिन्ह सिटीची एक रात्र काढून तिथे दोन रात्री टाका. दोन्ही नको.

निशिगंधा

कान थो ठेवते, बेट सोडते. एकच राहिलं: हनोईहून पुढे एका तरी रात्री रेल्वेने जावं असं मुलाला वाटत होतं.

खिडकीची_जागा

या मार्गात रात्रीची गाडी बसत नाही, शिवाय मऊ बर्थच्या डब्यात एका खोलीत चारच बर्थ, पाचवा माणूस अनोळखी लोकांत जाईल आणि वरच्या बर्थची शिडी अरुंद. त्याऐवजी निन बिन्ह ते हनोई दिवसाची गाडी घ्या. सव्वादोन-अडीच तास, मऊ आसनं. तिकिटावर प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक लागतो, तेव्हा पासपोर्ट हाताशी ठेवूनच आरक्षण करा.